मूल्यमापन आणि माझी दाढ

६ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. शिवाय दोन वेळा दात घासणे. ऑफिसातलं नवं कामही दातांचंच. बालवर्गातली मुलं खाऊनंतर शाळेतच ब्रश करतात, त्या कार्यक्रमाचं मूल्यमापन. तो चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे माझ्या अहवालावर ठरणार. सोबत दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या तपासणार, मी लिहिणार. म्हणजे मुख्य काम माझंच.
उजवीकडची दाढ जरा कुरकुरते. थंडीमुळे असणार.

८ जानेवारी
पहिली शाळा. मुलं बेसिनपाशी रांगेत, निम्मी पेस्ट युनिफॉर्मवर. डॉक्टरीणबाईंना दिसेल त्या तोंडात डोकवायची खोड आहे, म्हणून मी दिवसभर ओठ मिटून. टीचर म्हणाल्या, सर फार गंभीर आहेत. इम्प्रेशन चांगलं पडलं.

१० जानेवारी
वर्गात विचारलं, काल रात्री ब्रश कोणी केला? सगळे हात वर. एकाचे दोन्ही. पोरं सर्रास थापा मारतात. अहवालात लिहिणार: तोंडी उत्तरांवर विश्वास ठेवू नये.
झोपताना बायकोने विचारलं, ब्रश केलात का. हो म्हटलं. पांघरुणातून उठणं तब्येतीला बरं नाही.

१५ जानेवारी
दाढ ठणकते. लवंग धरली. बायको म्हणते, अहो, दिवसभर दातांची डॉक्टर शेजारी बसते, तिला दाखवा की! सहकाऱ्याकडून फुकट तपासून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सोमवारी दुसऱ्याकडे जाईन. नक्की. तर म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं मी ऐकलं नाही.

२० जानेवारी, सोमवार
गेलो असतो, पण लाल गोळीची चाचणी निघाली. गोळी चघळायची. दात नीट घासलेले नसतील तिथे लाल होतं. जितकं लाल, तितका मोठा आकडा. मुलांची नावं लिहायची नसतात, नुसते आकडे.
मुलं घाबरली. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी (मी तिला खिडकी म्हणतो) टेबलाखाली शिरली. टीचर म्हणाल्या, आधी सर खाऊन दाखवतील. नाइलाज झाला. खिडकी माझं तोंड बघून खदाखदा हसली आणि बाहेर आली. मग सगळे रांगेत. पहिला मी. डॉक्टरीणबाईंनी सवयीने तोंडात बॅटरी मारून आकडा सांगितला, मीही सवयीने लिहिला. मुलांचे दात जेमतेम कडेला गुलाबी. माझी गोळी जास्त कडक असावी.
डॉक्टरीणबाईंना माझ्याशी दोन शब्द बोलायचे होते. घाईत आहे म्हटलं.
घरी बायकोने तोंड पाहिलं. ब्रश हातात दिला.

२४ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. त्या वर्गाचा निकाल घसरलाय. वर्ग लहान, त्यात एका मुलाचं तोंड म्हणजे निव्वळ उकिरडा. कार्यक्रमाचा काडीचा उपयोग नाही, त्या शाळेतला बंद करा, म्हणाले. मी मान डोलावली.
जिन्यात डोक्यात उजेड पडला. ते मूल मी.
जरा वेळ पायरीवरच बसलो. सोमवारी सांगू. साहेब कामात असतात.

२७ जानेवारी, सोमवार
आधी शाळेत गेलो. शिपाई ब्रश खोक्यात भरत होता. प्रत्येक ब्रशवर मुलाने निवडलेलं चित्र असतं. खिडकीच्या ब्रशवर बदक. माझं बदक नेऊ नका ना काका, म्हणत ती खोक्याला धरून उभी. मला फार वाईट वाटलं.
तिथूनच साहेबांना फोन लावला. ते मूल मी आहे म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही. वर्गासमोर पुन्हा ओरडून सांगावं लागलं. फोनमध्ये अख्खं ऑफिस हसलं. शिपायाने खोकं खाली ठेवलं. सामान न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे खुर्ची पुढे ओढली आणि आ करा म्हणाल्या.

३ फेब्रुवारी
दाढ गेली. कार्यक्रम राहिला. माझा आकडा वगळल्यावर तो वर्ग सगळ्यांत वर. बारकाईच्या मूल्यमापनाचं हेच फळ.
खिडकीने मला वाकायला लावून खड्डा नीट तपासला. रडू नका, नवीन येतो, असा धीर दिला. डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या, मी नजरेनेच थांबवलं.
वर्गाच्या स्टँडमध्ये आता एक ब्रश जास्त आहे. माझा. चित्र खिडकीनेच निवडलंय. कान बरेच लांब आहेत, पण घोडाच असावा.