काचघराची झडप

मी, एका दिवंगत काचकाम करणाऱ्याची बायको, वय वर्षे शहात्तर, आज सकाळी झाडांना पाणी घालून झाल्यावर माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डाव्या गुडघ्याचे तसे म्हणता येणार नाही, पण सही गुडघ्याने करायची नसते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; ज्यांनी टाकून पाहिला त्यांना विचारावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रागाच्या भरात लिहिले होते, ते रद्द समजावे.

कलम एक. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलाला. यात मागचे काचघर आणि तिथवर जाणारी वाट धरलेली नाही. "आई, तिथे गाडी मस्त बसेल," असे तो दोनदा म्हणाला, म्हणूनच धरलेली नाही. पोर गुणी आहे, पण हिरवे काही त्याला फक्त ताटात ओळखू येते.

कलम दोन. लांब चिमटा, भिंग आणि दोन्ही कात्र्या शेजारच्या घड्याळजींना. एका फुलाचे पराग उचलून दुसऱ्यावर ठेवायचे म्हणजे हात थरथरून चालत नाही. माझा थरथरू लागल्यापासून ते काम घड्याळजी करतात, श्वास रोखून. त्यांनी जुळवलेल्या ऑर्किडची रोपे अजून रुजवणीच्या बाटलीत आहेत, नखाएवढी. फुलायला सहा-सात वर्षे लागतील. रंग कोणता येतो ते मला कळणार नाही. याचे मला फार वाईट वाटते.

कलम तीन. पुष्पमंडळाच्या अध्यक्षांनी प्रदर्शनात माझ्या पांढऱ्या ऑर्किडला दुसरा नंबर दिला होता, कारण "पाटी तिरकी आहे." त्यांना दिवाणखान्यातले प्लास्टिकचे ऑर्किड द्यावे. रोज न चुकता पाणी घालावे, असा निरोपही द्यावा.

कलम चार. काचघर, तिथवरच्या वाटेसह आणि आतल्या सर्व झाडांसह, माझ्या धाकट्या बहिणीला.

आता हे कलम लांबणार आहे. मी सांगते ते लिहून घेणारे वकीलसाहेब माझ्या मुलाच्या वर्गातले, त्यामुळे मला काकू म्हणतात आणि थांबवत नाहीत.

हे काचघर माझ्या नवऱ्याने लोकांच्या घरातून काढलेल्या जुन्या खिडक्यांचे बांधले. एका काचेचा रंग दुसरीला नाही. सकाळी फवारा मारला की आत पातळ धुके धरते आणि उजेड कुठे हिरवट, कुठे पिवळसर होऊन त्यातून खाली उतरतो. वर टांगलेल्या झाडांची उघडी मुळे हवेत लोंबत असतात. कोरडी असताना चंदेरी, पाणी मिळाले की बघता बघता हिरवी. मी स्टुलावर बसते. थेंब पडत राहतात. डोळा कधी लागतो कळत नाही, आणि जाग आली तरी आपण जागे आहोत अशी खात्री पटायला वेळ लागतो. तिथे मला नवऱ्याचा खोकला ऐकू येतो. मी मान वळवून बघत नाही. ऐकू येतो तेवढे पुरे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे झाडे धाकटीकडे सोपवली. परत आले तेव्हा साठ झाडांचे गाभे कुजले होते. नातेवाइकांसमोर मी तिला म्हणाले, "तुझ्या हाताला गुणच नाही. तू मूल वाढवलं नाहीस तेच बरं." ती त्याच पावली निघून गेली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

दोन वर्षांनी जुन्या एप्रनच्या खिशात मीच तिच्यासाठी लिहिलेली सूचनांची चिठ्ठी सापडली. गार वारा लागू नये म्हणून निघताना छताची झडप मी बंद केली होती, आणि चिठ्ठीत लिहिले होते: झडपेला हात लावू नये. खाली दोन रेघा. ऑर्किड पाण्याने मरत नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचले आणि हवा हलली नाही की मरते. ती माझे शब्दन्‌शब्द पाळत राहिली आणि झाडे मी मारली. हे मला नऊ वर्षे माहीत आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी तिची माफी मागते.

इथवर लिहून झाल्यावर वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले.

"काकू, हे त्यांना तुम्ही गेल्यावर कळणार. मग त्यांनी उत्तर कुणाला द्यायचं?"

सही राहिली. चार दिवस मी फवारा मारत होते आणि तेच एक वाक्य कानात होते. पाचव्या दिवशी तिला फोन केला. ती आली, माझ्याच स्टुलावर बसली, आणि मी कलम चार उभ्याने वाचून दाखवले.

"झडपेचं मला तेव्हाच कळलं होतं, ताई," ती म्हणाली. "काचांना घाम फुटला होता. शिडी लावून वर चढले होते. पण तू दोन रेघा मारल्या होत्यास."

"मग भांडली का नाहीस?"

"तुला धड उभं राहता येत नव्हतं. कुणाशी भांडायचं? आणि मुलाचं बोललीस, त्यानंतर भांडायलाही यावंसं वाटेना." मग पदराने चष्मा पुसला. "आता राहतेस ना उभी? मग ऐक."

तासभर ती बोलली. लहानपणापासूनचे सगळे काढले. मी मध्ये तोंड उघडले नाही, हे वकीलसाहेबांना खोटे वाटते. शेवटी ती उठली आणि मला न विचारता झडप उघडली.

सबब, कलम चार रद्द. काचघर वाटेसकट आजच तिच्या नावे केले आहे. बक्षीसपत्राचा कागद वेगळा जोडला आहे. मेल्यावर द्यायला ते माझ्याकडे उरलेले नाही. मी सकाळी तिथे बसू का, असे तिला विचारले. "बस. पण पाण्याला हात लावायचा नाही," म्हणाली.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. तेव्हा त्यांनी यादी पुन्हा तपासली, आणि दुसरी सही कोणाची घ्यायची ते ठरले.

ठिकाण: धाकटीचे काचघर
वेळ: सकाळचा फवारा झाल्यावर
दिनांक: चौदा, महिना चौथा

लिहून ठेवणार: थोरली (सही)

साक्षीदार पहिले: वकील, मुलाच्या वर्गातले (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. (सही)