मासा मीच आहे

ताई,
शिरसाष्टांग, आणि वर एक टपली.

आईला सांग, मजेत आहे, पोटभर जेवतो. आज बोट एका बेटाला लागली. शहर कसलं, धक्क्यालगत चार दुकानं! पर्यटक उतरतात, आपल्याच बोटीचा फोटो काढतात आणि जेवायला परत वर. म्हणे जग बघितलं!

आई सगळ्यांना सांगते तसा मी मॅनेजर नाही. डोक्यापासून पायापर्यंत माशाच्या पोशाखात धक्क्यावर उभा राहतो, फोटोसाठी.

आज बोटीवरच्या पर्यटकांत आपले शेजारचे काका-काकू निघाले, माझ्यासोबत फोटो काढायला आले. "कुणाचं पोरगं उकडतंय गं बाई," काकू म्हणाल्या. "शाळा बुडवली की हेच!" इति काका, ज्यांचं स्वतःचं ध्यान तीनदा बारावीला गचकलं. आतल्या माझ्या एम.ए.ने झकास पोझ दिली.

ते फोटो दाखवायला येतील. काकांच्या खांद्यावर हात टाकलेला मासा मीच. आई हसली तर हसू दे. सांगू नकोस.

तुझा,
धाकटा