चिमट्याची चीर

६ जानेवारी १९६४
चिखलीत एकही सायकलवाला सरळ नाही. स्टँडजवळच्याने पंक्चर काढता काढता माझी नवी चेन काढून कोणाची तरी झिजकी बसवली. रंगराव मास्तर म्हणतात, कापूस बाजारासमोरच्या निवृत्तीकडे टाका, माणूस सच्चा आहे. बघू. शाळा सहा मैल. रोज पायी जाणं या वयात होत नाही.

७ जानेवारी
निवृत्तीने सायकल उलटी केली, पुढच्या चाकाचा चिमटा रॉकेलच्या चिंधीनं पुसला आणि मानेपाशी केसाएवढी चीर दाखवली. डाग देऊन जोडला तरी टिकणार नाही, नवा चिमटा घाला म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याकडचाच घ्यावा लागेल, नाही का? तर म्हणतो, कुठूनही आणा.
"पण गुरुजी, याच्यावर बसू नोका. आज नाई तं उद्या तुटन."
मी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. त्यानं मजुरीसुद्धा घेतली नाही. मनात खोट असल्याशिवाय का?

८ जानेवारी
शाळेत सगळ्यांना सांगितलं — निवृत्तीकडे जाऊ नका.
उतारावर मात्र खाली उतरून सायकल हातात धरून चाललो.

१९ जानेवारी
उद्धव आपल्याच शाळेत मास्तर म्हणून लागला. माझ्या हाताखाली शिकलेला. बाप नाही, आई सोजराबाईनं निंदण-खुरपण करून शिकवला. त्याला सायकल हवी आहे. माझी घे म्हटलं. मला नवी घ्यायचीच आहे.

२१ जानेवारी
सायकलला काळा रंग दिला. चिमट्याला दोन हात. आता काही दिसत नाही.
बायको शकुंतला विचारत होती, विकायची तर रंग कशाला? मी तिच्यावर ओरडलो.

२२ जानेवारी
उद्धव सायकल घेऊन गेला. चांगली चालते ना, एवढंही विचारलं नाही. पाया पडला.

३ फेब्रुवारी
पुलाच्या उतारावर चिमटा तुटला. उद्धव तोंडावर दगडांत पडला. धान्याच्या ट्रकमधून बुलढाण्याला नेलं. शुद्ध नाही.
त्याचे भाऊबंद विचारत होते, सायकल शेवटची कोणी तपासली होती? मी म्हटलं, निवृत्तीनं.
यात खोटं काय आहे!

४ फेब्रुवारी
सकाळी त्यांनी निवृत्तीचं दुकान फोडलं. पंप, पाने, पाण्याची घमेली सगळं रस्त्यावर. त्याला ओढून काढला. मी पलीकडे, अडत्याच्या ओट्यावर उभा होतो. त्यानं मला पाहिलं.
"इचारा गुरुजीले," म्हणाला. "म्या काय सांगतलं होतं, ते इचारा त्यायले."
सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी खाली पाहिलं. मग कोणीतरी त्याच्याच पान्यानं त्याच्या उजव्या हातावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला.
घरी येऊन जेवलो. भूक लागली होती, याचंच नवल वाटलं.

५ फेब्रुवारी
रंगराव म्हणाले, गुरुजी, तुम्ही आधीच सावध केलं होतं, आम्हीच ऐकलं नाही. शाळेत सगळे माझ्याशी जपून, मानानं बोलतात.

८ फेब्रुवारी
उद्धव गेला.

१० फेब्रुवारी
निवृत्ती बायकोला घेऊन तिच्या माहेरगावी सोनाळ्याला गेला म्हणतात. हाताचं हाड नीट बसलं नाही.

१२ फेब्रुवारी
सोजराबाईकडे बसायला गेलो. ती भिंतीला टेकून होती, रडत नव्हती. सांगत होती — उद्धव पडायच्या आदल्या दिवशी हवा भरायला निवृत्तीकडे थांबला होता. निवृत्तीनं सायकल ओळखली, रंग खरवडून चीर दाखवली. घरी येऊन पोरगा हसत होता. म्हणे, माय, तो मले फसवून राह्यला होता. गुरुजी मले वाईट चीज देतीन काय?
मग तिनं मला विचारलं, "तो फसवतच होता नं, गुरुजी?"
मी म्हणालो, हो.