भादरलेलं डोकं

कोसाड, सुरत
दि. ६ मार्च १९९७

तीर्थरूप आबांस,

योगराजचा नमस्कार. ‘शिरसाष्टांग’ लिहायची आपली रीत, पण सध्या मला डोकं खाली घालायला मनाई आहे, म्हणून नुसते हात जोडतो. मी इकडे खुशाल आहे. आपली खुशाली कळवावी असं दर पत्रात लिहितो, तसं याही पत्रात लिहिलं.

डोक्याचं काही काळजी करण्यासारखं नाही. मिलमध्ये पत्रा लागला. मागच्या बाजूला, या कानापासून त्या कानापर्यंत टाके आहेत. मिलमधून दहा-बारा दिवसांची सुट्टी घेतली आहे. आडवं झोपता येत नाही, म्हणून चादरीची गुंडाळी मानेखाली घेऊन भिंतीशी बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढा लावतो. दिवसभर टाळू बधिर असते, बोट लावलं तर दुसऱ्याच्या डोक्याला लावल्यासारखं वाटतं. संध्याकाळ झाली की बधिरपणा उतरतो आणि टाके ओढायला लागतात. शिंक आली तर मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसतो. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज खाली डोळ्यांवर उतरली आणि डोळे पार मिटले. आज जरा किलकिले झाले आहेत, म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घ्यावं.

खाण्यापिण्याचे हाल नाहीत. शेजारी बन्सीलाल म्हणून शहाद्याकडचे आहेत, लूमवर काम करतात. त्यांची बायको मालतीबाई दोन्ही वेळा ताट आणते. दोन वर्षं आमची भिंत एक, पण आजवर पाण्याचा नळ आला की गेला एवढंच बोलणं होतं. आता त्या दारात बसून मी जेवेपर्यंत हलत नाहीत. खिचडी, कढी, कधी नुसतं वरण-बट्टी. चार वर्षांत कोणी समोर बसून वाढलेलं मला आठवत नाही. त्यांना अचानक एवढी माया का आली, ते आत्ता लिहीत नाही.

विहिरीला पाणी किती आहे? बाकी ठीक. एक कार्ड टाकावं.

आपला,
योगराज


कोसाड, सुरत
दि. ११ मे १९९७, रविवार

तीर्थरूप आबांस,

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. आपण आईच्या नावाने घागर भरली असेल. हे पत्र लांबणार आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं, ते आधी निस्तरतो.

मला पत्रा वगैरे काही लागला नव्हता. मी केस लावून घेतले. हसा. मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून दोनदा सुरतेला येतात. मागच्या बाजूची केसांसकट चामडीची पट्टी कापतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि पुढे टकलावर भोकं पाडून एकेक रोवतात, आपण कांद्याचं रोप लावतो तसं. बधिर करायच्या सुया कपाळात शिरल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुढे दुखलं नाही, पण आवाज सगळा ऐकू येत होता. सहा तास कचकच ऐकत पडलो होतो. बरोबर कोण आलंय, असं तिथल्या बाईंनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, खाली रिक्षात बसलेत.

काम सोपं जावं म्हणून त्यांनी आधी सगळं डोकं वस्तऱ्याने भादरलं होतं. सगळा घोळ त्यातून झाला.

कोणाला न सांगता मी दोन दिवस गायब झालो आणि परत आलो तो भादरलेलं डोकं घेऊन, त्यावर पांढरं उपरणं टाकून. पुढच्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली आणि डोळे मिटत चालले. मी भिंतीशी बसून होतो, बोलत नव्हतो, स्टो पेटवला नव्हता. मालतीबाई दुधाचं भांडं मागायला म्हणून आल्या, मला बघून दारातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “कोन गयं रे भाऊ?”

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

“तुना बाप?”

मान हलवली तर टाके ओढायचे. मी नुसते डोळे मिटले, तेही जेमतेम उघडे होते. त्या रडायला लागल्या. तासाभरात शेजारच्या खोल्यांची सगळी ओळ माझ्या खोलीत. मी गावी जाऊन, तुमची माती करून, भादरून परत आलो, हे त्यांनी माझ्या वतीने ठरवून टाकलं. दहाव्यापर्यंत का थांबला नाही, यावर गावात आता त्याचं कोण उरलंय, असं उत्तर बन्सीलालनीच दिलं. मागचे टाके उपरण्याखाली झाकलेले राहिले, पुढच्या बाजूच्या खपल्या दिसल्या तेव्हा न्हाव्याला शिव्या बसल्या. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून ते ताट यायचं. आबा, मी तुमच्या नावाचा कडू घास बारा दिवस खाल्ला, आणि मला तो गोड लागला.

केसांची लाज वाटली म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत होतो. फोल्डिंग खात्यात कापडाच्या घड्या घालणारा माणूस टकलावर केस लावून घेतो म्हटल्यावर ओळीने मला फाडून खाल्लं असतं. हे खरंच आहे, पण अर्धंच. बाईंनी ‘कोन गयं’ विचारलं, तेव्हा ‘कोणी नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मनात आलं, मला काय माहीत?

चार वर्षांत मी तुम्हाला बावीस पत्रं टाकली. प्लेगच्या साली सगळं कोसाड पोटल्या बांधून गावी पळालं. मी आणि एक लंगडं कुत्रं मागे राहिलो. तेव्हाही मी जिवंत आहे असं लिहिलं होतं. तुमचं एक कार्ड नाही. माझा पत्ता तुमच्याखेरीज गावात कोणाकडे नाही. म्हणजे तुम्हाला काही झालं, तर मला कळवणारे तुम्हीच. ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि मग मी खरंच रडलो. बायका म्हणाल्या, रडू द्या, मोकळा होईल.

चोपड्याची पोरगी बघायला गेलो होतो, त्या दिवसाबद्दल मी एकाही पत्रात लिहिलं नाही. तुम्ही तुमची टोपी मला घातली आणि म्हणालात, चहा होईपर्यंत काढू नको. मुलीच्या मामाने म्हटलं, उकडतंय पाव्हणं, टोपी काढा. सगळे हसले. मला राग आला तो तुम्हीही हसलात म्हणून. आता वाटतं, तुम्ही हसण्यावारी न्यायला बघत होतात. स्टँडवर चार लोकांत मी तुम्हाला म्हटलं, हे टक्कल तुमचंच दिलेलं आहे, तुमच्या दहाव्याला भादरायलाही माझ्या डोक्यावर काही उरायचं नाही. एस.टी.त माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन उभे राहिलात, गाव येईपर्यंत. हे मी म्हणायला नको होतं. चार वर्षं रोज हेच मनात येतं आणि मी तुम्हाला विहिरीचं पाणी विचारतो.

आता परवाचं. नव्या सुतकाची पहिली आखाजी म्हणून मालतीबाईंनी माझ्यासाठी घागर आणली, तिच्यावर ठेवायचं खरबूज, आपलं डांगर, आणलं, आंबे आणले. मी दोनदा नको म्हटलं. त्यांना वाटलं, दुःखाने म्हणतोय. दुपारी बाराला पितरांना घास टाकायला गोवरीचा निखारा पुढे ठेवला, पुरणपोळीचा तुकडा तुपात भिजवून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “नाव ले, भाऊ.”

आईचं नाव घेतलं, तारा. पहिला घास निखाऱ्यावर टाकला. दुसरा हातात तसाच राहिला. मग त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी माझ्या हातातला घास घेतला, मोठ्याने तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, “निंबाबाबा, ज्या ठिकाणी व्हशाल त्या ठिकाणी सुखी ऱ्हा,” आणि टाकला.

मी निखाऱ्यात हात घातला आणि तो घास बाहेर काढला. तुपाने भडका उडाला होता. दोन बोटं भाजली आहेत, म्हणून याही पत्राचं अक्षर असं. मी म्हणालो, माझा बाप जिवंत आहे, मी खोटं बोललो, हे डोकं केसांसाठी भादरलं होतं.

कोणी हसलं नाही. मला वाटत होतं तसं काहीच झालं नाही. मालतीबाई उठून घरी गेल्या, दार लावून घेतलं. बन्सीलाल मात्र बसून राहिले. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्यान्हं पत्र कव्हय उनं होतं?”

तुमचं पत्र कधी आलं म्हणून सांगणार, एकही आलं नव्हतं. ते घागर उचलून घेऊन गेले. सुतक फिटल्यावरही एक वेळचं ताट येतच होतं, ते कालपासून येत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. लावलेले केस तिसऱ्या आठवड्यातच गळून गेले. डॉक्टर म्हणतात, असंच होतं, मूळ आत असतं, चौथ्या महिन्यात येतील. कडेचे वाढले, पुढे होतं तसंच आहे. मी आरशात बघणं सोडलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी होती तर भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला सहा-सात तासांत उतरता येतं, चार वर्षं काय करत होतास? पहिली दोन वर्षं राग होता. नंतर भीती. इथे बसून पत्र टाकलं की तुम्ही रागावलेले असता. तिथे येऊन घराला कुलूप दिसलं, तर मग तुम्ही रागावलेलेही नसाल.

आबा, मला माफ करा असं लिहायला मी कचरतो, कारण त्याला उत्तर लागतं. फक्त कार्डावर शिव्या लिहा. एकच शिवी लिहा, पण तुमच्या हाताने. दोन आठवडे रोज टपालवाल्याची वाट बघतो. कार्ड नाही आलं, तर पंचवीस तारखेच्या रविवारी सकाळी मी निघतो, दुपार उलटेपर्यंत दारात असेन. कडी वाजवली तर आत बोलवू नका हवं तर, बोलूही नका. पण दार उघडायला तुम्हीच या.

तुमचा, आणि तुमचाच,
योगराज निंबा