कपाटात प्रत्यक्ष असलेली पुस्तके

शाळेच्या खडूत उभं आयुष्य घातलेल्या, आणि त्याबद्दल दर वर्षी कुणातरी परक्या माणसाच्या फॉर्मात मोजल्या गेलेल्या माझ्या ती. ताईला आणि भाऊजींना धाकट्याचा नमस्कार.

भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? ताई, तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, की अजून एकाच डोळ्याने सगळ्यांच्या चुका काढतेस? (आम्हां भावंडांना तो एकही पुरून उरतो.) मी ठीक आहे. घसा बसला आहे, पण या वेळी भाषणाने नव्हे.

तुम्हां दोघांची जुनी तक्रार मला पाठ आहे. वर्षभर तुम्ही शिकवायचं, आणि एक दिवस कुणीतरी फॉर्म घेऊन यायचं, भिंतीवरचे तक्ते मोजायचे, चहा प्यायचा, आणि एकाही मुलाला एकही प्रश्न न विचारता शाळेला 'साधारण' असा शेरा देऊन निघून जायचं. त्या शेऱ्यापायी भाऊजी एकदा दोन दिवस धड जेवले नव्हते. तर सांगायचं असं की, या वर्षी आमच्याकडे तो फॉर्म घेऊन फिरणारा माणूस मी आहे. इतक्यात रागावू नका. पूर्ण वाचा, मग रागवा. तोवर जास्त चांगलं कारण सापडेल.

आमचं शाळा मंडळ लहान. सहा शाळा, सातशेच्या आसपास मुलं आणि दर वर्षी आकसत जाणारं एक अनुदान. यंदा वरून हुकूम आला की नागरिकांच्या समितीने सहाही शाळांना दोनशेपैकी गुण द्यावेत. जी शेवटची येईल तिचं अनुदान थांबवून ती पुढच्या सत्रापासून दुसऱ्या शाळेत विलीन करण्यात येईल. ('विलीन' म्हणजे बंद. ढेकूळ विरघळलं तरी साखर विरघळली म्हणायचं, अशी खात्याला तोंड गोड ठेवायची सवय आहे.) समितीत तिघं: एक निवृत्त लेखापरीक्षक, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि मी. मंडळाच्या सभेत मी मागच्या बाकावरून इतकी वर्षं बोलत आलो आहे की, मला समितीत घेतलं तर निदान एक सभा वेळेवर संपेल असं सचिवांना वाटलं असावं. संपली नाही. फॉर्मचा मसुदा समोर आला, त्यात कुंपण होतं, नळ होते, घंटा होती, आणि ग्रंथालयाला दोन गुण होते. दोन! घंटेला तीन! मी उठलो आणि चाळीस मिनिटं बोललो. जगातली जळलेली ग्रंथालयं एकेक करून पुन्हा जाळली. दोनाचे वीस गुण करून घेतले, आणि कागदी आकडे दाखवून कुणी फसवू नये म्हणून प्रश्नाची भाषाही स्वतः लिहून दिली: 'कपाटात प्रत्यक्ष असलेली पुस्तके. चारशे किंवा अधिक असल्यास वीस गुण, अन्यथा शून्य.' मधले गुण ठेवू दिले नाहीत, कारण तडजोड मला चालत नाही. टाळ्या पडल्या. ताई, त्या टाळ्या अजून कानात आहेत, आणि आता त्या कानाखाली वाजल्यासारख्या वाटतात.

पहिली शाळा चौकातली. काचेचं कपाट, त्यात आठशे पुस्तकं उंचीप्रमाणे उभी. मुख्याध्यापकांनी किल्ली फिरवली, कुलूप हलेना. शिपायाने सायकलचं तेल आणलं, मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः प्रयत्न केला (हात सराईत, पण दाढेचा अनुभव कुलपाला लागू पडला नाही), शेवटी पंधरा मिनिटांनी दार उघडलं. पुस्तकं इतकी नवी की पानं एकमेकांना चिकटलेली. मग आम्ही सहावीच्या मुलांना एक अनोळखी पान वाचायला दिलं. अनवाणी माणूस खडीवरून चालावा तशी ती मुलं त्या पानावरून चालली. ग्रंथालय: वीसपैकी वीस.

चौथी शाळा गोदामामागची. एकसष्ट मुलं, तीन शिक्षक, गळकं छप्पर. कपाटाला दारं नाहीत आणि आत तीन पुस्तकं: एक शब्दकोश, एक नकाशांचं आणि एक कसलं ते वाळवीलाच माहीत. आधी तेच पान वाचून घेतलं. एक मुलगी उभी राहिली, पान एका दमात वाचलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पुढचं कुठाय?"

मी म्हटलं, "एवढंच आहे, बाळ."

"मग दिलंत कशाला?"

एकूण एक मुलं अशीच वाचणारी. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, पुस्तकं कुठे आहेत? त्या मला पहिलीतल्या मुलासारखं समजावत म्हणाल्या, "पुस्तकं कपाटात कशी असतील? आज मंगळवार आहे. शनिवारी बदलतात."

म्हणजे पुस्तकं एकसष्ट घरांत होती. आजारी मुलांच्या उशाशी, धाकट्या भावंडांच्या मांडीवर, दुकानांच्या गल्ल्यांवर. आणि कपाटात, प्रत्यक्ष, तीन. मी माझ्याच हाताने शून्य लिहिलं. त्या शून्याने ती शाळा तिसऱ्या जागेवरून सरळ सहाव्या जागेवर गेली. म्हणजे पुढच्या सत्रापासून ती एकसष्ट मुलं चौकातल्या शाळेत जाणार, जिथे पुस्तकं काचेतून बघायला मिळतात.

समितीच्या बैठकीत मी पेटलो. लेखापरीक्षक शांतपणे म्हणाले, "साहेब, 'प्रत्यक्ष' हा शब्द तुमचाच. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, आता मला नियम बदलायला सांगू नका." शिवाय त्यांनी दुसरा कागद काढला: या शाळेत एका मुलामागे खर्च सगळ्यांत जास्त. त्यांनी नवं छप्पर एकसष्टाने भागलं होतं आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाऊण पत्रा काढला होता. मी म्हटलं, "मूल एक असो की हजार, पाऊस पडायचा तेवढाच पडतो, तो काही पटसंख्या बघून गळत नाही." ते म्हणाले, "ते खरं आहे, पण त्याला फॉर्मात रकाना नाही." (माणूस वाईट नाही. रकाना असता तर त्यांनी पाऊससुद्धा न्यायाने मोजला असता.)

तेवढ्यात डॉक्टरीणबाई, ज्या तीन बैठकांत फक्त 'हं' म्हणाल्या होत्या, बोलल्या. "त्या चौकातल्या शाळेचं कपाट म्हणजे पेल्यात ठेवलेली कवळी आहे. बत्तीसच्या बत्तीस, चकचकीत, आणि एकही चावत नाही." ताई, माझी चाळीस मिनिटं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. लेखापरीक्षकांनी चष्मा पुसला, नियमावली उलटीसुलटी केली आणि कलम शोधून काढलं: फेरमोजणी मागता येते, एकदाच. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता चारशे पुस्तकं कपाटात प्रत्यक्ष दिसली, तर वीस गुण.

तेव्हापासून शाळेत पुस्तकं परत येत आहेत. मी रोज जाऊन बसतो. दुकानदार येतात, आज्या येतात. एक ट्रकचालक बाप पुस्तक घेऊन आला, पण शेवटची दहा पानं उरली आहेत म्हणून तिथेच पायरीवर वाचत बसला. बाईंच्या वहीत चारशे बारा पुस्तकं नोंदलेली. त्यातली बारा गेलीच: काही पावसात, काही शेळीच्या पोटात. ती बाईंनी लाल शाईने खोडली आहेत. उरली बरोबर चारशे. हिशेब काठावरचा आहे, पण आहे. शाळा वाचेल. काळजी नसावी. दोघांनी प्रकृतीला जपावं. उत्तराची वाट पाहतो.

तुमचा धाकटा

ता.क. वरती 'काळजी नसावी' लिहिलं, ते चुकलं. आजपर्यंत तीनशे नव्व्याण्णव आली आहेत. चारशेवं वहीच्या अगदी पहिल्या पानावर आहे, अकरा वर्षांपूर्वीचं. काल समितीसमोर त्या पान फिरवून पाहणाऱ्या मुलीने ती नोंद खणखणीत वाचली: "समुद्रप्रवासाचे पुस्तक, निळी पाठ. नेणारे: स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे. आठ दिवसांच्या बोलीवर." लेखापरीक्षक म्हणाले, हे का खोडलं नाही? बाई म्हणाल्या, "ते आणून देतील. व्यासपीठावरून शब्द दिला होता."

ता.क. २. त्यावर मी उभा राहिलो आणि असल्या प्रमुख पाहुण्यांच्या बेजबाबदारपणावर दहा मिनिटं बोललो. सगळं बोललो: व्यासपीठं, हारतुरे, पोकळ शब्द. बाई तेवढा वेळ माझ्याकडे न बघता माझ्यासाठी पंखा वाढवत होत्या. खाली बसल्यावर मला आठवलं की अकरा वर्षांपूर्वी तिथे भाषण मीच केलं होतं. घसा बसला तो तेव्हा.

ता.क. ३. ते पुस्तक घेऊन मी तडक तुझ्याकडे आलो होतो, कारण तुझा पाय प्लास्टरमध्ये होता. तूही 'आठ दिवसांत देते' म्हणाली होतीस. (दोघं एकाच आईची, इलाज नाही.) शनिवारी अकरा वाजता मी ते सगळ्यांसमोर स्वतः कपाटात ठेवणार आहे आणि नेणारा कोण होता तेही सांगणार आहे, भाषण करणार नाही. तर ताई, हे पत्र खाली ठेव. ऊठ. खिडकीजवळच्या कपाटातल्या वरून दुसऱ्या फळीवरचं निळ्या पाठीचं पुस्तक काढ. भाऊजी वाचत असतील तर त्यांच्या हातून काढ. आणि शुक्रवारच्या पहिल्या गाडीने पाठव.