उभ्या गाडीचे टायर

प्रिय ढब्बू,

अक्षर ओळखलं असशीलच आणि कपाळाला आठीही पडली असेल. दीड वर्षाच्या अबोल्यानंतर ताईला पत्र लिहायची काय ही हुक्की! फोनच करणार होते, पण तू तो उचलणार नाहीस, आणि चुकून उचललास तर मी भांडेन. बाबांच्या आजारपणात मी तुला चारचौघांत नको ते बोलले, ते चुकलंच माझं. पण आज विषय गाडीचा आहे आणि आईचा आहे. माझं डोकं पार चक्रावून गेलंय, म्हणून जसं घडलं तसं सांगते. मधेच पत्र फाडू नकोस.

महिन्यापूर्वी आईने बाबांची गाडी भंगारात काढली. तूच पुढाकार घेतलास, असं मला सांगितलं. टायर बाबांनी जाण्याआधी जेमतेम दोन महिने घातलेले, माझ्या गाडीलाही तोच आकार लागतो, तेव्हा घेऊन टाक म्हणाली. आणायला मी स्वतः गेले का? नाही. ऑफिसात कामाचा डोंगर होता, म्हणून टेम्पोने मागवले. टायर बघून हरखलेच मी. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते निम्मेअधिक जागच्या जागी होते. दर रविवारी तू त्याच गाडीतून आईला फिरवून आणतोस, दवाखान्यात नेतोस, हे मी वर्षभर फोनवर ऐकत होते. मग हे टायर इतके कोरे कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. फुकटचं दिसलं की माझी अक्कल चरायला जाते, हे तू लहानपणापासून म्हणत आलायस.

टायर बसवले आणि डोक्याला ताप सुरू झाला. काटा पन्नाशीच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायचं, साठावर तर हाताला मुंग्या यायच्या. टायरवाल्याने बॅलन्सिंग केलं, रिमला शिशाची वजनं ठोकली, मशीनवर सगळे आकडे शून्य आले. मी निघाले, आणि परत तेच! आमच्या ह्यांनी एक फेरी मारली आणि थरथर माझ्या मनातच आहे असा निकाल दिला. स्वतः चाळिशीच्या वर गाडी नेत नाहीत, त्यांना काय कळणार म्हणा. मग टायरवाल्याने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घातली. आता स्टिअरिंगही हलतं आणि सीटही हलते. त्याने सस्पेन्शन बघितलं, नटबोल्ट बघितले, अलाइनमेंट केलं. जुने टायर होते तेव्हा असं काही नव्हतं ना, हे मला तीनदा विचारलं. नव्हतं रे बाबा, नव्हतं.

शेवटी त्याने एक चाक मशीनवर फिरवलं आणि खडूचा तुकडा टायरला जेमतेम टेकेल असा स्थिर धरला. थांबवून बघितलं तर टायरभर पांढरी रेघ, पण वीतभर जागा कोरी. तिथे खडू टेकलाच नव्हता, कारण तेवढा भाग चपटा होता. दुसऱ्या चाकालाही तसंच. तिसऱ्याला, चौथ्याला तेच. तो म्हणाला, वजन बरोबर आहे, पण टायर गोलच नाहीत. ही गाडी हवा कमी झालेल्या टायरांवर एका जागी वर्षभर तरी उभी असणार, थोडे दिवस उभी राहिली असती तर चालवल्यावर चपटेपणा गेला असता. मी त्याच्याशी कचाकचा भांडले. अहो, माझा भाऊ दर रविवारी गाडी काढतो! तो बिचारा हात पुसत बसला.

घरी येताना तुझा असा संताप आला म्हणून सांगू! आईला थापा मारतोस, जात नाहीस, आणि ती माऊली तुझ्यावर पांघरूण घालते, असं मी ठरवूनच टाकलं. शनिवारी सकाळी न कळवता तिच्याकडे गेले, तुझं पितळ उघडं पाडायला. पायरीवर पिशवी घेऊन उभी होते, स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि ती फोनवर तुझ्याशी बोलत होती. सांगत होती की ताई कालच येऊन गेली, ताईने हाताला पट्टी करून आणली, ताईने भाजी निवडून ठेवली, तू अजिबात काळजी करू नकोस. ढब्बू, शपथेवर सांगते, क्षणभर मलाच वाटलं, काल मी खरंच आले होते की काय!

मी सहा महिन्यांनी त्या पायरीवर उभी होते रे.

बेल वाजवली. मला बघून ती आधी दचकली, मग लहान मुलीसारखी हसली. उजव्या मनगटाला पट्टी होती. कुणी करून आणली, असं मी विचारलं, तर डोळ्याची पापणी न लवता तुझं नाव सांगितलं. तू कुठला शर्ट घातला होतास तेही सांगितलं. तिला खोटं पाडायला मला तोंड होतं कुठे? आपल्याला अपराधी वाटू नये म्हणून ती हे करते, की एकमेकांचं कौतुक ऐकून आपण परत बोलायला लागू म्हणून? मला काही म्हणता काही कळत नाही. आपल्या अबोल्यामुळे तिचं हे खपून गेलं, एवढंच कळतं. आणि गाडी भंगारात काढायला मी सांगितलं, असं तुला सांगितलं असेल, हो ना?

ती चहा ठेवत होती तेव्हा फ्रिजवर डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी दिसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन तारखा खोडलेल्या, तिसरी येत्या बुधवारची, सकाळी दहाची. बाहेर येऊन मी तिथे फोन लावला. नर्सने सांगितलं, बाई दोन्ही वेळा एकट्या आल्या, सोबत घरचं कोणी असल्याशिवाय आम्ही ऑपरेशन करत नाही. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं की मुलगा गाडी लावतोय, येईलच एवढ्यात. तासभर बाकावर बसल्या आणि मग आपणहून उठून गेल्या. ढब्बू, मी रजा टाकली आहे, मी असेनच. माझ्यावरचा राग नंतर काढ, हवा तेवढा काढ, मी ऐकून घेईन. पण बुधवारी ती नर्सला मुलगा येतोय म्हणून सांगेल, तेव्हा तू दारातून आत ये.

भांडकुदळ असली तरी तुझीच,
ताई