ग्रहणाचा रोल

॥ श्री ॥

पोलादपूर, जि. कुलाबा
ता. ११ नोव्हेंबर १९५७

ति. दादास बनूचा नमस्कार.

पोचल्याचं तुझं कार्ड अजून आलं नाही, पण गाडी महाडला वेळेत लागली असं कंडक्टरने ह्यांना सांगितलं, म्हणून काळजी नाही. इकडे सर्व ठीक. भात कापून खळ्यावर आलं आहे, झोडणी चालू आहे. सासूबाईंचा खोकला उतरला. जाताना तू महाडच्या स्टुडिओत जो रोल धुवायला टाकलास तो मीच बाजाराच्या दिवशी जाऊन आणते. आपला तो चंद्र कागदावर कसा दिसतो ते बघायची फार घाई झाली आहे.

वाडीत अजून तुझंच नाव चालू आहे. ग्रहण म्हणजे इथे दारं ओढून, पाण्यात तुळशीपत्र टाकून बसायचं, एवढंच ठाऊक. तू खळ्यावर तीन पायांची घोडी रोवलीस, तिच्यावर कॅमेरा चढवलास, आणि डोंगराआडून चंद्र वर आला तोच खालच्या अंगाने कुरतडलेला. मग एकेक माणूस येऊन उभं राहिलं. पुढे तो सगळा झाकला आणि न घासलेल्या तांब्यासारखा झाला, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "आजवर गिराण सुटायची वाट बघितली गो. लागलेलं कदी बघितलंच नव्हतं." रशियाने उपग्रहात कुत्री बसवून आभाळात सोडली आहे हेही तू सगळ्यांना समजावून सांगितलंस. माझा भाऊ म्हणून मी मिरवून घेतलं, खोटं कशाला सांगू.

पण तू गेल्यावर इथे फार वाईट झालं. लिहायची किळस येते. तुझ्याशी थोडा संबंध आहे म्हणून लिहिते.

ग्रहण सुटल्यावर आम्ही बायका रिवाजाप्रमाणे नदीवर मोक्षाच्या अंघोळीला गेलो होतो. अंघोळी उरकून काठावर लुगडी बदलत होतो, तेवढ्यात वरच्या करंजांच्या झाडीतून लख्ख पांढरा उजेड आला. मग जरा जरा वेळाने आणखी चार-पाचदा आला. वीज म्हणावी तर आभाळात ढग नाही. पोरी किंचाळल्या. माझी नणंद ठकू, जिचं माघात लग्न आहे, ती ओलेत्यानेच घराकडे पळाली. पुरुष धावत आले तर त्याच वाटेने आमचा गडी भिकू येत होता, खांद्यावर तुझी घोडी. तू तेव्हा ओटीवर झोपला होतास, म्हणून तुला उठवलं नाही.

सकाळी तुझी गाडी गेली आणि त्याला खळ्यातल्या खांबाला बांधला. बायकांवर बॅटरी मारतोस का म्हणून विचारलं. "मी नाय, मी नाय" एवढंच तो म्हणत होता. पहिला हात ह्यांनी टाकला, आणि मला बरं वाटलं. लहानपणापासून या घरात जेवलेला माणूस. त्याच्या हातची लाकडं चुलीत घातली, त्याच्या हातचं दूध प्यायलो, या विचाराने अंगावर काटा येतो. उजव्या कानातून रक्त आलं तेव्हा कुठे सोडला. त्याची बायको साळू माझ्या पाया पडायला आली तर मी पाय मागे घेतले. दोघं बिरवाडीला तिच्या भावाकडे गेली आहेत. गेली ते बरं झालं.

ह्यांचं म्हणणं असं की, तुझी मोठी बॅटरी त्या रात्री भिकूकडे होती का, तेवढं लिहून कळव. तो नव्हती म्हणतो. तुझी एक ओळ आली की शंका राहायची नाही.

वहिनीस नमस्कार. तिन्ही मुलींना गोड पापा.

तुझी लाडकी,
बनू



पोलादपूर
ता. २ डिसेंबर १९५७

महिपत यास,

भात झोडून घरात आलं. म्हैस व्याली, रेडकू जगलं नाही. सासूबाईंना पुन्हा खोकला आहे. थंडी पडू लागली.

तुझं पत्र आणि सोबतचा ग्रहणाचा फोटो मिळाला. पत्र मी इतक्या वेळा वाचलं की आता न बघता म्हणून दाखवीन. वर तू लिहिलंस की महाडला चुकून भलताच रोल टाकला गेला, तो ऑफिसच्या कामाचा आहे, कुणी आणू नये, मी स्वतः येऊन घेईन. आणि त्याच पानावर खाली लिहिलंस की होय, बॅटरी मी भिकूकडेच दिली होती, असली माणसं घरात ठेवत जाऊ नका, ठकू मोठी झाली आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी महाडला जाऊन आले होते.

चवदार तळ्याच्या अंगाला तो स्टुडिओ आहे. तिथले म्हातारे फोटोवाले मला बघून उठून उभे राहिले आणि पाकीट हातात देताना माझ्याकडे बघेनात.

मी विचारलं, "ग्रहण चांगलं आलंय ना?"

"यात ग्रहण नाही, बाई," ते म्हणाले. "हे फ्लॅशवर काढलंय. त्याचा बल्ब उडतो तेव्हा विजेसारखा उजेड पडतो. मी कुणाला दाखवलेलं नाही. घरी जाऊन तुम्हीच एकट्या बघा. आणि मला पैसे नकोत."

घरी येईपर्यंत मला धीर निघाला नाही. एस.टी. स्टँडच्या मागे, भिंतीकडे तोंड करून मी पाकीट उघडलं. काय होतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलंस आणि मी माणसं म्हणून बघितलं. माझी जाऊ होती. आमच्या शेजारची चंद्राबाई होती, तिचा नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही. लुगडं दातात धरून ठकू होती. तिच्यावर तू पुन्हा बल्ब उडवलास. एकात कडेला मी आहे, तोंड फिरवून केस पिळते आहे. मी आहे हे तुला दिसलं नाही की दिसलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि पुढचा विचार करवत नाही.

येताना गाडीत मला उलटी झाली. शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "दिवस गेलेत का गो?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

रात्रभर पाकीट तांदळाच्या कणगीमागे होतं. भिकू निर्दोष होता याचा तेवढाच पुरावा, आणि तो पुरावा चार पुरुषांपुढे ठेवला तर ठकूचं लग्न मोडणार. जाळला तर भिकू जन्मभर तोंड लपवणार. मग दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. ह्यांनी ते ओटीवर मोठ्याने वाचलं. "बघ, तुझ्या भावानंच लिहिलंय," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी आत गेले आणि राखेने हात घासत बसले.

शेवटी सासूबाईंना मागच्या पडवीत नेलं आणि पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एकेक फोटो उजेडाला धरला.

"ही माझी पाठ," त्या म्हणाल्या. "हा भाजल्याचा डाग. ही ठकू." मग फोटो पालथे ठेवले. नंतर विचारलं, "यात भिकूचा काय संबंध?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "ती बॅटरी नव्हती. कॅमेऱ्याचा उजेड होता. माझ्या भावाने केलं."

मला वाटलं होतं, त्या मला बोलतील, माहेर काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बायांना बोलाव. आन दार लाव."

त्या रात्री नदीवर होत्या त्या सगळ्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. जिने तिने आपलं आपण बघितलं आणि आपल्या हाताने चुलीत घातलं. ठकूने बघितलं नाही, तिचं मी घातलं. चंद्राबाई म्हणाली, "माझ्या दाल्ल्यानं बी मला असं कदी बघितलं नव्हतं." शेवटी फिल्म टाकली. ती जळताना असा घाण वास सुटला की दोन दिवस घरातून गेला नाही. भाकरीलाही तोच वास येत होता.

मग सासूबाई खळ्यावर गेल्या, मी त्यांच्या मागे. पुरुष पेंढा रचत होते. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "भिकूनं काय केलेलं नाय. पाव्हन्यानं केलं. कॅमेरा घेऊन झाडीत बसला व्हता. आम्ही बायांनी फोटो बघितलं आन जाळलं. कुणाला पुरावा पायजे आसंल तर त्यानं मला इचारावं."

भिकूला मारायला जे सगळ्यांत पुढे होते त्यांतल्याच एकाने विचारलं, "पन फोटोत दिसत काय व्हतं?"

नाव लिहीत नाही. तू ज्यांना कॅमेरा आणि चंद्र समजावत होतास त्यांतलाच. त्याला वाईट वाटलं नव्हतं, दादा, त्याला फोटो बघायला मिळाला नाही याचं वाईट वाटत होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो पेंढ्याकडे वळला. मला त्या दिवशी कळलं की झाडीत तू एकटा गेलास, पण तिथे बसायला तयार अशी माणसं आमच्याही खळ्यावर आहेत. वर दादा लिहिलं गेलं आहे. सवय आहे. खोडत नाही.

हे त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "बिरवाडीला जाऊ." आम्ही दोघं गेलो. भिकू एका शेतकऱ्याकडे वैरण वाहतो. कानाला चिंधी बांधलेली. त्या कानाने आता ऐकू येत नाही. ह्यांनी हात जोडले. पायाशी बसायला गेले तर भिकूच मागे सरला, त्याला ते सोसेना. साळू आतून बाहेर आली नाही. बरोबर आहे तिचं.

मी विचारलं, "तू त्याचं नाव का घेतलं नाहीस? तुला माहीत नव्हतं का?"

चांगला कान माझ्याकडे करून तो म्हणाला, "म्हाईत व्हतं. तेच मला बोलले, तू घोडी घेऊन सावकाश ये, मी फुडं जातो. झाडीतनं निगताना बी मी त्यांना बघितलं. पन नाव घेतलं आसतं तर पाव्हन्यावर आळ घेतो म्हनून आनकी मारलं आसतं."

ह्यांनी मान खाली घातली. कारण तसंच झालं असतं.

"घरी चल," मी म्हटलं. तो नाही म्हणाला. मग मी म्हटलं, "मी त्याला मुंबईहून बोलावते. तुझ्या पायावर घालते."

"नको, वैनी," भिकू म्हणाला. "ते आले तर मलाच त्यांचं सामान उचलाया लागंल."

म्हणून माफी मागायला येऊ नकोस. तिथेही नको आणि इथेही नको. तू लिहिशील की क्षणभर बुद्धी फिरली. क्षणभर नव्हे. तू बल्ब आणलेस, भिकूला मागे ठेवलंस, परत येऊन माझ्या हातचं पांघरूण अंगावर घेतलंस, आणि आठवड्याने शांतपणे शाईने बॅटरीचं खोटं लिहिलंस. या सगळ्यात मला सर्वांत ओंगळ ते शेवटचं वाटतं. फोटो जळले. ते पत्र मी जाळलेलं नाही.

ग्रहणाचा फोटो मात्र खरोखर चांगला आला आहे. चंद्रावरचे डागसुद्धा दिसतात. एवढं सुंदर बघून झाल्यावर माणूस उठून झाडीत जाऊन बसतो, हे मला अजून समजत नाही. तो फोटो याच पाकिटातून परत पाठवते. घरात नको.

हे पत्र वहिनीच्या हाती पडलं तर पडू दे. तिला तीन मुली आहेत, तिला माहीत असलेलं बरं.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. पुढल्या दिवाळीपासून मी तेच करणार आहे. सासूबाईंना सांगून ठेवलं आहे.

लोभ असावा असं लिहीत नाही.

सौ. बनुबाई मालोजी उतेकर